मराठीतली जुनी गाजलेली पुस्तकं आणि त्यांचे लेखक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाच्या काउंटरवर, वाचनकट्ट्यावर आणि हल्ली व्हॉट्सॲपवरही जुन्या मराठी पुस्तकांबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आवडीनिवडी माझ्या आहेत, पटल्या नाहीत तर सोडून द्या. ‘आवृत्ती कोणती?’ हा मुद्दा मात्र पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही. मराठीतली थोर पुस्तकं लेखकाच्या हातून सरळ आपल्या हाती क्वचितच आली आहेत. मध्ये नकला करणारे, संपादक, लेखकांची मुलं आणि सरकारला घाबरणारे छापणारे असे बरेच जण उभे आहेत.

शाळा सुटल्यापासून मराठी पुस्तक हातात घेतलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘बनगरवाडी’पासून. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 सालची कादंबरी आकाराने लहान आहे, वाक्यं छोटी आहेत आणि लेखक कुठेही आपलं पांडित्य दाखवत नाही. औंध संस्थानच्या काळात माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं त्याला भेटतात, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग पाऊस दडी मारतो. एवढंच कथानक. दोन-तीन बैठकांत संपतं आणि वाचायची सवय परत येते.

हसायचं असेल तर पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्या. त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’, तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल. ‘घरात ज्ञानेश्वरी आहे, तिच्यापासूनच सुरू करतो’ असं म्हणणारे बहुतेक जण पहिल्या अध्यायातच थांबलेले मी पाहिले आहेत.

जुन्या पुस्तकांत ‘केलें’, ‘घरीं’, ‘त्यांत’ असे अनुस्वार का असतात? वाचताना अडखळायला होतं.

ती त्या काळची शुद्ध लेखनपद्धती होती. उच्चारात न येणारे हे अनुस्वार 1962 साली मान्य झालेल्या लेखननियमांनी काढून टाकले. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत ते असणारच. अनुस्वार नाकात न उच्चारता सरळ वाचा, दहा पानांत डोळा सरावतो. नंतरच्या आवृत्त्यांत बरेच प्रकाशक लेखन नव्या नियमांप्रमाणे करून घेतात, त्यामुळे नवी आवृत्ती घेतली तर हा त्रास बऱ्याचदा उरत नाही.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणजे ही पुस्तकं आता ‘अभिजात’ ठरली का?

नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दर्जा दिला तो भाषेला, आणि त्यासाठी भाषा किती जुनी आहे हे दाखवावं लागलं. रंगनाथ पठारे यांच्या समितीच्या अहवालात म्हणूनच हालाच्या ‘गाथासप्तशती’सारख्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ग्रंथांचा आधार होता. ‘कोसला’ किंवा ‘बलुतं’ यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही.

मराठीतलं पहिलं पुस्तक कोणतं?

मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चं नाव घेतलं जातं, पण त्याच्या काळावर वाद आहेत. गद्यापुरतं विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे: तेराव्या शतकाच्या अखेरीचं, म्हाइंभटाचं ‘लीळाचरित्र’.

मला विचाराल तर आपल्या वाङ्मयातला हा सगळ्यात विलक्षण ग्रंथ. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्याशी वाद घालायला आलेला म्हाइंभट हा पंडित त्यांचा अनुयायी झाला. स्वामी गेल्यावर त्याने त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. पद्धत अशी की ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून खात्री करून घ्यायची. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवायच्या. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची ही शिस्त आहे! त्यामुळे या ग्रंथात तत्त्वज्ञान आहेच, पण स्वामींनी काय खाल्लं, कुठल्या देवळात मुक्काम केला, कुणाची थट्टा केली, बाइसा ही शिष्या का रागावली, महदाइसा या दुसऱ्या शिष्येने कोणता प्रश्न विचारून भंडावलं, हेही आहे. एकेक लीळा चार-पाच ओळींची.

मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्या जगाला ते वाचता येऊ लागले ते थेट विसाव्या शतकात. या सगळ्यामुळे ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्यांत पाठभेद भरपूर आहेत. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांची संपादनं महत्त्वाची. नवख्याने एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध या क्रमाचा ताण घेऊ नये. कुठलंही पान उघडून दहा लीळा वाचाव्यात, कठीण शब्दांसाठी मागची शब्दसूची पाहावी.

ज्ञानेश्वरी कोणती घ्यावी? दुकानात चार-पाच प्रकारच्या दिसतात.

‘शके बाराशतें बारोत्तरें’ म्हणजे 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असं ग्रंथाच्या शेवटीच म्हटलं आहे. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या, पाठ बिघडले, काही हौशींनी आपल्या ओव्याही घुसडल्या. 1584 साली एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना दमही भरला: ‘ज्ञानेश्वरीपाठीं। जो ओंवी करील मऱ्हाटी। तेणें अमृताचे ताटीं। जाण नरोटी ठेविली॥’ म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी! संपादकाने वाचकाला दिलेली इतकी सणसणीत ताकीद मराठीत दुसरी नसेल.

वारकरी परंपरेत आणि बाजारात चालते ती मुख्यतः या एकनाथी वळणाची प्रत, ओव्या नऊ हजारांच्या घरात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्याही आधीची मानलेली एक पोथी मिळवून 1909 साली छापली. तिची भाषा जास्त जुनाट, वाचायला अवघड. अभ्यास करायचा नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. घरी वाचण्यासाठी सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी पुरेशी आहे. ओवीखालीच अर्थ मिळतो. सुरुवात बाराव्या अध्यायाने करा. तो लहान आहे, भक्तीबद्दल आहे आणि त्यात तत्त्वचर्चेची गुंतागुंत कमी. मग नववा. पहिल्या अध्यायावर मागाहून आलात तर त्यातलं साहित्यरूप गणेशाचं वर्णन अधिक गोड लागेल.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली म्हणतात. मग आज वाचतो ती कुठली?

तुकोबांनी अभंगांच्या वह्या डोहात सोडल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धेची गोष्ट झाली. छापील गाथेचा इतिहास जास्त गद्य आहे, पण तितकाच रंजक. अभंग टिकले ते वारकऱ्यांच्या तोंडी आणि संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांच्या वह्यांत. देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस इथल्या पोथ्या जमवून विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथा तयार केली. ती 1873 साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली आणि मुंबई सरकारने त्यासाठी 24,000 रुपये दिले. पुढच्या बहुतेक गाथा या आवृत्तीच्या आधारावर उभ्या आहेत, अभंग साडेचार हजारांच्या आसपास. वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वहीवरून वेगळी गाथा छापली. तिच्यात भाषा अधिक ओबडधोबड आहे आणि काहींना तीच खरी वाटते.

गाथा पहिल्या अभंगापासून शेवटपर्यंत सलग वाचायची नसते. रोज दोन-तीन अभंग वाचा. ‘सुंदर ते ध्यान’ पाठ असलेल्या माणसाला दंभावर तुटून पडणारे, स्वतःच्या दिवाळ्याबद्दल आणि दुष्काळाबद्दल बोलणारे अभंग भेटले की धक्का बसतो. तो बसायलाच हवा.

‘ख्रिस्तपुराण’ मराठी की कोकणी?

मराठी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मप्रचारक 1579 साली गोव्यात आला आणि तिथेच राहिला. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांच्या जागी काहीतरी हवं होतं. तेव्हा याने बायबलची कथा ओवीछंदात, पैलें पुराण आणि दुसरें पुराण अशा दोन भागांत लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्यांची. गोव्याच्या सासष्टीतल्या रायतूरला 1616 साली ती छापली गेली, रोमन लिपीत. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची स्तुती यातलीच. शाळेत ती पाठ करताना तो कवी इंग्रज होता हे आपल्याला कुणी ठसवून सांगितलेलं नसतं. गोंधळ होतो तो एवढ्यासाठी की याच स्टीफन्सने कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली छापलं गेलं.

पहिली मराठी कादंबरी कोणती?

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, 1857. विधवांच्या हालांबद्दल आहे. ऐतिहासिक महत्त्व मोठं, गोष्ट म्हणून आज ओढून न्यावी लागते. त्यापेक्षा ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचा. 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ती क्रमशः आली. यमू आपली हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगते आणि एका पुरुषाने लिहिलं आहे हे आपण विसरतो.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ दोन वेगवेगळ्या रूपांत मिळतं. फरक काय?

फरक बराच आहे आणि तो का पडला हीच मोठी गोष्ट आहे.

विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज झालेलं. मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कळल्यावर ते काकांबरोबर 1857 साली उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास पोचतात तोच बंड पेटलं. यज्ञ राहिला बाजूला, हे दोघे भटजी ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असे त्या वणव्यातून फिरत राहिले. झाशीच्या वेढ्यात गोडसे शहरात होते. गोरे सैनिक आत घुसल्यावरची कत्तल, घराघरांतली लूट, विहिरीवर पाण्यासाठी आलेली राणी, हे त्यांनी पाहिलं. मिळवलेली दक्षिणा पुन्हा पुन्हा लुटली गेली, आणि शेवटी हा माणूस गंगेची कावड घेऊन घरी परतला. राजकारणाचा त्याला गंध नाही, त्यामुळे तो कुणाचीही बाजू सजवत नाही. जेवण कुठे मिळालं आणि दक्षिणा किती पडली हे तो युद्धाइतक्याच गांभीर्याने सांगतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिगत बऱ्याच वर्षांनी, 1883 च्या सुमारास, लिहून काढली. सरकारी रोषाची भीती असल्यामुळे ती त्यांच्या पश्चात, 1907 साली छापली गेली. वैद्यांनी छापताना भाषा घासूनपुसून घेतली, मजकूर गाळला, काही ठिकाणी फिरवलाही. पुढची सहा दशकं लोक हेच पुस्तक गोडशांचं म्हणून वाचत होते. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली अस्सल पाठ प्रसिद्ध केला. घ्यायची ती या मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती. प्रस्तावनेत पोतदारांचं नाव किंवा मूळ पोथीचा उल्लेख आहे का ते दुकानात उभ्या उभ्याच पाहून घ्या.

जाता जाता, याचं हिंदी भाषांतर अमृतलाल नागरांनी केलं आहे आणि तेही वाचनीय आहे.

महात्मा फुल्यांचं आधी काय वाचावं, ‘गुलामगिरी’ की ‘शेतकऱ्याचा असूड’?

‘असूड’. ‘गुलामगिरी’ 1873 ची. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे आणि ती फुल्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे. त्यातली अवतारांची चिरफाड समजायला पुराणांची थोडी माहिती लागते. ‘असूड’ मात्र थेट शेतावर नेतो: सारा, जंगलखातं, कोर्टकचेरी, लग्नातलं कर्ज, शेतकऱ्याच्या घरातली भांडीकुंडी. शेतकऱ्याच्या घराचं त्यातलं वर्णन वाचून मग कुठलीही ग्रामीण कादंबरी घ्या, तुलना आपोआप होईल. फुल्यांनी तो 1883 साली पुरा केला. ‘दीनबंधु’ या वर्तमानपत्रात पहिले भाग आले आणि पुढचे छापायला त्यांच्याच चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे कचरले. फुल्यांनी त्याबद्दल त्यांना चांगलंच सुनावलं. सबंध पुस्तक छापील रूपात यायला विसावं शतक उजाडलं.

फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य शासनाने स्वस्तात काढलेलं आहे, वेगळी प्रत शोधत बसू नका.

बायकांनी लिहिलेलं जुनं काय आहे? यादीत नेहमी पुरुषच दिसतात.

यादी करणाऱ्यांचा दोष आहे. चार नावं सांगतो.

ताराबाई शिंदे, बुलढाणा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र समस्त बायकांनाच धारेवर धरलं. ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उलट विचारलं की हे सगळे दुर्गुण पुरुषांत नाहीत का? भाषा बोलीतली, खडी, जागोजागी शिव्यांच्या काठावर जाणारी. फुल्यांनी पाठराखण केली, बाकी सगळे गप्प. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. हेही विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा छापलं म्हणून आज आपल्यापर्यंत आहे. एका बैठकीत वाचून होतं.

लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत 1934 ते 1936 या काळात आलं. शेवटचा भाग पुरा होण्याआधी लक्ष्मीबाई वारल्या, मुलगा देवदत्त यांनी शेवट जोडला. शिक्षण म्हणाल तर नवऱ्याने घरी शिकवलं तेवढंच. नवरा म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक; 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर ती स्वतःही ख्रिस्ती झाली, पण स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. कहाणी दुःखाचीच. वडिलांना सोवळ्याचं वेड, नवरा लहरी, हातात पैसा ठरत नाही, घर सारखं बदलतंय. पण सांगणारी बाई स्वतःला कुठेच बिचारी म्हणत नाही. उलट, फजितीचे प्रसंग ती इतक्या मजेत सांगते की आपण हसतो आणि दोन ओळींनी हसू थांबतं. मराठीत आत्मचरित्रं पुष्कळ झाली. इतकी निर्विष आठवण ठेवणारं दुसरं मला माहीत नाही. बाजारात संक्षिप्त आवृत्तीही मिळते. ती घेऊ नका. या पुस्तकाची चव फापटपसाऱ्यातच आहे.

विभावरी शिरूरकर. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आलं आणि ही विभावरी कोण म्हणून गदारोळ उडाला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणी असं उघड लिहिलं नव्हतं. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. त्यांचे यजमान विश्राम बेडेकर यांनी 1939 साली ‘रणांगण’ लिहिली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, नायक चक्रधर आणि ज्यू तरुणी हेर्टा. बेडेकरांची ही एकच कादंबरी, पण ती वगळून मराठी कादंबरीबद्दल बोलता येत नाही.

आणि बहिणाबाई चौधरी, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात म्हटलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने टिपून ठेवल्या. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली ‘बहिणाबाईची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. खानदेशी कानाला नवी वाटत असेल तर आधी मोठ्याने वाचा.

‘श्यामची आई’ आजच्या मुलांना द्यावी का? फार रडकी वाटते.

रडकी आहेच. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये साने गुरुजींनी पाच दिवसांत ती लिहून काढली. लिहिताना डोळे भरून येत होते आणि ते पानांवर दिसतं. पण अश्रूंखाली एक कोरडी हकिगतही आहे: कोकणातलं एक खोताचं कुटुंब कर्जापायी हळूहळू कसं बुडतं. सावकार, जप्ती, ‘अब्रूचे धिंडवडे’ ही प्रकरणं मोठ्या माणसाने वाचावीत अशी आहेत. मुलाला सबंध पुस्तक देऊन ‘संस्कार घे’ म्हणू नका. बेचाळीस रात्रींपैकी एखादी रात्र त्याला वाचून दाखवा, मागितली तर दुसरी. अत्र्यांचा 1953 चा चित्रपटही आहे, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला.

‘कोसला’ मला कळतच नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. भालचंद्र नेमाड्यांनी 1963 साली, पंचविशीत, ती लिहिली तेव्हा गोष्ट नीट बांधून सांगायच्या रिवाजालाच त्यांनी फाटा दिला होता. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात पैसे आणि वर्षं उधळतो, नापास होतो, परत जातो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांचा मारा मुद्दाम आहे. मोठं काही बोलायची वेळ आली की हा मुलगा असा अंग काढून घेतो. म्हणून जिथे त्याला अंग काढता येत नाही ते पान आधी वाचा: धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तो भाग. तो वाचल्यावर बाकीची टिंगल कशावर पांघरलेली आहे ते कळतं. तरी नाहीच जमलं तर सोडून द्या. ‘कोसला’ आवडली नाही असं सांगायला मराठी माणूस उगाच घाबरतो.

दलित आत्मकथनांत पहिलं कोणतं घ्यावं?

दया पवारांचं ‘बलुतं’, 1978, ग्रंथालीने काढलेलं. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या शिकलेल्या माणसाला सांगतो अशी रचना आहे. म्हणजे एकाच माणसातले दोन जण समोरासमोर बसलेत, आणि दोघांनाही एकमेकांची थोडी लाज वाटते. गावकीचा महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती, दोन्ही त्यात आहेत. पुस्तक आल्यावर स्वतःच्या समाजातूनही राग निघाला, झाकलेलं उघडं का केलं म्हणून.

मग बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे, महारवाड्यातल्या बायकांचं जगणं आहे, आणि घरातल्या पुरुषांनाही सूट नाही. नवऱ्यापासून लपवून त्यांनी ते लिहिलं आणि कैक वर्षं तसंच ठेवलं. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ ही त्यानंतर.

या रांगेत ‘फकिरा’ला बसवतात, पण ते आत्मकथन नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ती 1959 ची कादंबरी, इंग्रजी सत्तेशी आणि उपासमारीशी लढणाऱ्या मांग वीराची. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली, आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची! त्याच साली खांडेकरांची ‘ययाति’ आली. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर 1959 च्या मराठीत किती दूरदूरची जगं होती ते दिसेल.

कवितेत नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, 1972. शब्द अडतील. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाचून घ्या.

‘मृत्युंजय’ वाचून कर्ण कळतो का?

शिवाजी सावंतांचा कर्ण कळतो. व्यासांचा वेगळा आहे. 1967 साली आलेल्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण आळीपाळीने बोलतात आणि सगळेच कर्णाच्या बाजूने झुकलेले. सोळाव्या वर्षी वाचाल तर वेड लागेल, लागू द्यावं. त्याच साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. मानवशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई महाभारतातल्या एकेका माणसाला समोर बसवून शांतपणे उलटतपासणी घेतात, कर्णालाही सोडत नाहीत. ‘मृत्युंजय’ संपवल्यावर लगेच ते हाती घ्या.

पुरस्कार पाहून पुस्तक निवडावं का?

हरकत नाही, पण फार भिस्त ठेवू नका. ज्ञानपीठ मराठीत चौघांना मिळालं: खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, नेमाडे. या चौघांत जी. ए. कुलकर्णी नाहीत, तेंडुलकर नाहीत, मर्ढेकर नाहीत. जीएंना ‘काजळमाया’साठी साहित्य अकादमी मिळालं होतं, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि त्यांनी ते परत करून टाकलं. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर तर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले, आणि आज त्यांची उंदरांची कविता अभ्यासक्रमात असते.

टेलिग्रामवर पीडीएफ मिळतात. त्या घेणं कायदेशीर आहे का?

लेखकावर अवलंबून आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. फुले, ह. ना. आपटे, लक्ष्मीबाई टिळक कधीच मुक्त झाले. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो; ‘श्यामची आई’च्या इतक्या आवृत्त्या दिसतात त्या यामुळे. अण्णा भाऊंचे हक्क 2029 अखेरपर्यंत, खांडेकरांचे 2036, पु. लं.चे 2060. नेमाडे हयात आहेत. त्यांच्या पुस्तकांची स्कॅन केलेली पीडीएफ ही सरळ चोरी आहे. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी संपादकाच्या टिपा, प्रस्तावना आणि भाषांतर यांचे हक्क वेगळे असतात, हे सार्थ ज्ञानेश्वरीच्या बाबतीत लक्षात ठेवा.

उघडपणे मोफत हवं असेल तर मराठी विकिस्रोत पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली आहेत.

मुलं परदेशात वाढली, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. इंग्रजीतून काय देता येईल?

‘स्मृतिचित्रे’चं शांता गोखल्यांनी केलेलं भाषांतर पहिलं द्या, ‘श्यामची आई’ही त्यांनीच इंग्रजीत नेली आहे. ‘बलुतं’ जेरी पिंटोंनी केलं, ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ माया पंडितांनी, ‘कोसला’ सुधाकर मराठ्यांनी. तुकोबांसाठी दिलीप चित्रे. ते स्वतः कवी असल्यामुळे इंग्रजीतही तुकोबा भांडतात. ‘बनगरवाडी’ राम देशमुखांच्या भाषांतरात आहे, जुनी प्रत मात्र शोधावी लागेल.

बहिणाबाई आणि पु. ल. इंग्रजीतून देऊ नका. मुलांना मराठी ऐकून समजतं ना? मग स्वतः वाचून दाखवा. पु. लं.ची त्यांच्याच आवाजातली कथाकथनंही मिळतात, गाडीत लावून द्या.